तीन फेरीबोटी, दोन गिटारी आणि एक तुटकी कॅसेट

आधीच सांगून ठेवतो, हा कोकणातल्या चार दिवसांचा वृत्तांत आहे पण यात विशबोन ॲश नावाच्या एका इंग्लिश बँडची बडबड भरपूर येणार आहे. ज्यांना फक्त रस्ते आणि जेवणाची माहिती हवीय त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालेल, आमच्या बायका गेली तीस वर्षं तेच करतायत.

आम्ही तिघं, मी, दाढी आणि मास्तर (खरोखरचा मास्तर, फिजिक्सचा, आता रिटायर्ड). चौथा बाब्या, त्याचं गाव विजयदुर्गच्या थोडं अलीकडे, हापूसची बाग आहे. १९८५ साली पुण्यात होस्टेलला चौघं एकाच मजल्यावर होतो. एका सिनियरचा मामा बोटीवर होता, त्याने परदेशातून एलपी आणलेली, विशबोन ॲशची अर्गस, आणि ती आम्हाला एका रात्रीपुरती मिळाली. नव्वदची कोरी कॅसेट आणून टेप करायला बसलो. अल्बम जवळजवळ पूर्ण पाऊण तासाचा, आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणजे हिशोब काठावरचा. त्यात तबकडी उलटवताना पॉज दाबायचं काम ज्याच्याकडे होतं तो दाढी चहा सांगायला खाली गेलेला. व्हायचं तेच झालं. शेवटच्या गाण्याच्या शेवटी दोन्ही गिटारी एकमेकींना धरून वर वर चढत जातात आणि बरोब्बर तिथे, टक. टेप संपली. सकाळी एलपी परत गेली.

पुढे कित्येक वर्षं ते गाणं कसं संपतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. सीडी हाताला लागली तेव्हा कळलं, पण तोवर बाब्या १९९१ मध्ये वडील गेल्यावर गावी परतला होता आणि जाताना ती कॅसेट घेऊन गेला होता. फोनवर म्हणायचा, माझ्याकडे आहे तेच ओरिजिनल, तुमचं ते नंतर वाढवलेलं असणार.

यंदा मास्तरच्या मुलाने जुन्या रेकॉर्डवाल्याकडून अर्गसची एलपी मिळवली. खोक्यात घालून बाब्याला नेऊन द्यायची असं ठरलं, आणि त्याच्याकडे प्लेअर नाही म्हणून दाढीचा सुटकेसमधला रेकॉर्ड प्लेअरही डिकीत टाकला. हायवेने एका दिवसात पोचता येतं. आम्ही किनाऱ्याने जायचं ठरवलं कारण तिघांनाही घाई नव्हती, आणि गाडीत लावायला जवळपास पन्नास वर्षांचे अल्बम होते.

दिवस पहिला : पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे साडेपाचला निघालो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. दसरा होऊन गेलेला, दिवाळी लांब, त्यामुळे रस्त्यावर गर्दी शून्य आणि घाटात अजून हिरवं होतं. कापणीला आलेली भातं आणि डोक्यावर परतीचा पाऊस, त्यामुळे माणगावच्या पुढे जो भेटेल तो आभाळाकडे बघूनच बोलत होता.

गाडीत नियम एकच, अल्बम सालाप्रमाणे लागणार. म्हणजे ताम्हिणीत १९७० चा पहिला. ज्यांना हा बँड ठाऊक नाही (म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६९ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात टॉर्की नावाचं समुद्रकाठचं गाव आहे तिथल्या मार्टिन टर्नर आणि स्टीव्ह अप्टनने हा उभा केला, बास आणि ड्रम्स. तो किनारा तिकडे इंग्लिश रिव्हिएरा म्हणून ओळखतात. म्हणजे तिकडचं कोकणच, असं दाढीचं म्हणणं. आधी मार्टिनचा भाऊ गिटार वाजवायचा, तो सोडून गेला. मग मॅनेजरने पेपरात जाहिरात दिली, पोरं येऊन वाजवून गेली, शेवटी दोघं उरले, अँडी पॉवेल आणि टेड टर्नर. (हा टर्नर मार्टिनचा कुणी नाही, नुसतं आडनाव सारखं.) दोघांतला एक निवडणं जमेना म्हणून दोघांनाही घेतलं.

आमच्या प्रेमाचं मूळ इथे आहे. बाकी बँडमध्ये एक लीड असतो आणि दुसरा मागे ताल धरून उभा राहतो, लग्नात नवरदेवाच्या मागे उभ्या असलेल्या मित्रासारखा. यांच्यात दोन्ही गिटारी लीड. एकच चाल दोघं थोड्या अंतरावरून, शेजारी शेजारी वाजवतात. हे अगदी पहिल्यांदा यांनीच केलं असं मी म्हणत नाही, पण अख्खं घर त्या एका खांबावर यांनी बांधलं. नंतर थिन लिझी आणि आयर्न मेडन या बँडनी तेच केलं तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या, आणि यांचं नाव घ्यायला कुणाला आठवलं नाही. असो. मला या विषयावर ब्लडप्रेशर वाढवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.

दुपारी हरिहरेश्वरला पोचलो. घरगुती ठिकाणी उतरलो, आदल्या दिवशी फोन करून मोदक सांगून ठेवलेले. साधी डाळीची आमटी, भात, केळफुलाची भाजी आणि उकडीचे मोदक. मास्तरने सात खाल्ले आणि आठवा मोजला नाही.

संध्याकाळी देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेला निघालो. पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने जाते ती. पायऱ्यांच्या वर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, आम्हाला वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "आत्ता कुठे निघालात, भरती लागलीय." आम्ही म्हटलं पाणी तर लांब दिसतंय. ते म्हणाले, "तुम्ही वळणावर पोचाल तेव्हा जवळ येईल." मुकाट्याने त्यांच्याशेजारी बसलो. वीसेक मिनिटांनी ज्या खडकावर आम्ही उभे असतो त्यावरून लाट आरपार गेली. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

टीप : या वाटेवर लोक वाहून गेलेत, चेष्टा नाही. ओहोटीची वेळ गावात विचारूनच खाली उतरा आणि ओल्या खडकावर चपला घालून मिरवू नका.

रात्री विजा, गडगडाट, तासभर पाऊस.

दिवस दुसरा : बागमांडला, हर्णै, दाभोळ, गुहागर

सकाळी बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट, सावित्री नदीची खाडी. पहिली फेरीबोट. गाडी आत घालून दहा मिनिटं कठड्याला टेकून उभं राहायचं, ब्राह्मणी घार बघायची, संपलं. हे सुख हायवेवाल्यांना नाही. पलीकडे रत्नागिरी जिल्हा.

केळशी, आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला वर गेलो, तिथून खाली माडांची बाग आणि लांब सुवर्णदुर्ग दिसतो, ढगांमुळे सगळं धुतल्यासारखं. इथपर्यंत गाडीत १९७४ आलं होतं, म्हणजे टेड टर्नर बँड सोडून गेला आणि लॉरी वाइजफील्ड आला ते वर्ष. यावर मास्तर आणि दाढीचं भांडण ठरलेलं आहे. मास्तर म्हणतो लॉरी हात म्हणून टेडपेक्षा तयार. दाढी म्हणतो तयार आहे म्हणूनच नको, टेड कमी वाजवायचा आणि जागा सोडायचा. मी गाडी चालवत होतो म्हणून तटस्थ. (मी टेडच्या बाजूचा आहे.)

हर्णैला मुद्दाम चारच्या सुमारास पोचलो, लिलावाच्या वेळी. हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी कोकण अर्धंच बघितलं. मोठ्या होड्या लांब पाण्यात थांबतात, लहान होड्यांतून मासळी किनाऱ्याला येते, वाळूतच ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचा गोल. बोलणारा एवढ्या वेगात बोलतो की आकडा कळायच्या आत ढीग विकलेला असतो. दाढी एका गोलात पुढे घुसला आणि "सुरमई काय भाव" असं विचारलं. एका बाईने डोक्यावरची टोपली न हलवता सांगितलं, "दादा, बाजूला व्हा, इथे भाव विचारत नाहीत, बोलतात." दाढी बाजूला झाला. त्याच बाईने अर्ध्या तासाने आम्हाला बांगडे दिले, साफ करून, आणि वर विचारलं, "शिजवणार कोण, तुम्ही?" तिच्या आवाजावरून तिला आमच्याविषयी सगळं कळलं होतं.

टीप : लिलावात ढीगच्या ढीग जातो, आपल्याला दोन किलो हवं असेल तर कडेला बसलेल्या बायकांकडून घ्यायचं. बर्फाचा डबा बरोबर ठेवा. चांगले बूट घालून वाळूत जाऊ नका, मी गेलो, गाडीला आठवडाभर हर्णैचा वास होता.

दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीची खाडी, दुसरी फेरीबोट. अंधार पडत आलेला. बोटीत आमच्या गाडीशेजारी एक पोरगा बाईक घेऊन उभा, अंगात आयर्न मेडनचा काळा टीशर्ट. दाढीने माझ्याकडे बघितलं, मी मास्तरकडे. गाडीची काच खाली केली आणि अर्गसचं पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला नुसती अकूस्टिक गिटार आणि हळू गाणं, पोरगा ढिम्म. मग तीनेक मिनिटांनी गाणं उडी मारतं तिथे त्याचं डोकं हलायला लागलं. दोन्ही गिटारी एकत्र आल्यावर तो खिडकीपाशी आला.

"काका, हे कोण? मेडनसारखं वाटतंय."

"उलटं म्हण," दाढी म्हणाला. या वाक्यासाठी तो बहुतेक चाळीस वर्षं थांबला होता.

मग मास्तर सुरू झाला. हा अल्बम १९७२ चा, मेडन तेव्हा जन्मालाही आली नव्हती. लंडनच्या डी लेन ली स्टुडिओत रेकॉर्ड झाला, इंजिनियर होता मार्टिन बर्च, त्याच वर्षी डीप पर्पल या बँडच्या मशीन हेड अल्बमला तोच होता, आणि पुढे १९८१ पासून मेडनचे अल्बम ज्याने केले तोही हाच. मेडनचा स्टीव्ह हॅरिस स्वतः अर्गसचं नाव घेतो. पोरगा म्हणाला, "आयला." विशबोन ॲशला रेकॉर्ड करायची संधी मिळाली तीही डीप पर्पलच्या रिची ब्लॅकमोरमुळे, त्यांच्या शोच्या आधी अँडी पॉवेल त्याच्याबरोबर वाजवायला लागला, ब्लॅकमोरला आवडलं, त्याने शब्द टाकला. एवढं सांगेपर्यंत धोपाव्याचा धक्का आला, फळी पडली, मागच्या टेम्पोने हॉर्न सुरू केला. गाणं पावणेदहा मिनिटांचं, थोडं उरलेलं. पोराने बाईक उतरवली, धक्क्यावर कडेला लावली आणि हाताने खूण केली, थांबा. आम्हीही गाडी कडेला घेतली. गाणं संपेपर्यंत चौघं धक्क्यावर उभे, बाजूने माणसं बघत जातायत. मग तो "नाव परत सांगा" म्हणाला, फोनमध्ये टाईप केलं आणि गेला. एवढंच. पण दाढी गुहागरपर्यंत गात होता.

गुहागरला ज्यांच्याकडे उतरलो त्या काकू सत्तरीच्या, कडक सोवळ्याच्या नाहीत पण घर शाकाहारी, त्यामुळे हर्णैचे बांगडे शेजारच्या वाडीत भेट गेले. (त्या बाईंना कळता कामा नये.) जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, ताजं लोणी, कुळथाचं पिठलं. पडवीत पाऊस बघत बसलो आणि मास्तरने फोनवर हळू आवाजात परत तेच लावलं. काकू सुपारी कातरत ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्या देवळात सनईवाले दोघं यायचे. एक वाजवायचा आणि एक नुसता सूर धरायचा. इथे तर दोघंही वाजवतायत. मग सूर कोण धरतंय?"

तिघंही गप्प. चाळीस वर्षं ऐकतोय पण हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता. मास्तरने जरा विचार करून सांगितलं, काकू, खाली एक जाड आवाज येतोय ना, तो बास, तो मार्टिन टर्नर. काकूंनी कान देऊन ऐकलं. "तोही गप्प बसत नाहीये," म्हणाल्या. आणि खरंय ते! मार्टिनचा बास सूर धरून उभा राहतच नाही, तो तिसरी चाल वाजवतो. सूर बिचारा कुणीच धरत नाही आणि तरी सगळं पडत नाही. मी रात्री बराच वेळ जागा होतो.

दिवस तिसरा : गुहागर ते बाब्याचं घर

हा दिवस लांबचा आहे, कुणी करणार असेल तर दोन दिवसांत तोडा, आमच्यासारखा मूर्खपणा करू नका.

व्याडेश्वराला नमस्कार, मग हेदवी. दशभुज गणेश शांत, आम्हीच तिघं. खाली समुद्रावर बामणघळ आहे, खडकाच्या फटीत लाट घुसून पाणी उंच उडतं, पण ते भरतीला. आम्ही ओहोटीला पोचलो, फटीत एक खेकडा होता. हरिहरेश्वरला भरती नको होती, इथे हवी होती. तवसाळहून जयगड, शास्त्री नदी, तिसरी फेरीबोट. गणपतीपुळ्याला न थांबता आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. या रस्त्यावर थांबला नाहीत तर पाप लागेल, वरच्या वळणावरून दोन्हीकडचे किनारे एकदम दिसतात. त्या दिवशी समुद्र काळपट आणि त्यावर एकाच ठिकाणी ऊन पडलेलं.

पावस, पूर्णगड, मग कशेळीचा कनकादित्य. सूर्याचं देऊळ आणि बाहेर सूर्याचा पत्ता नाही. गाडीत आता १९८० चं दशक आणि वाद-विवाद. मार्टिन टर्नर १९८० मध्ये बाहेर पडला, मग वेगवेगळे लोक येत गेले, एका अल्बमला तर किंग क्रिम्सनवाला जॉन वेटन होता. १९८७ मध्ये चौघे मूळचे परत एकत्र आले. पुन्हा फुटले. अँडी पॉवेल नाव चालवत राहिला आणि मार्टिन स्वतःचा वेगळा विशबोन ॲश घेऊन फिरायला लागला. शेवटी कोर्ट. २०१३ मध्ये निकाल अँडीच्या बाजूने लागला, नाव त्याचं. बाब्याला ही बातमी मी तेव्हा फोनवर सांगितली होती. तो म्हणाला, "म्हणजे सातबारा अँडीच्या नावावर चढला. मार्टिनचं कूळ होतं ना पण?" कोकणातल्या माणसाला हा खटला समजावून सांगावा लागत नाही.

आमच्यातलं मत असं की दोघंही बरोबर आणि दोघंही चूक, आणि लोक हा बँड विसरले त्याला हेही एक कारण. नाव कुणाचं यात वर्षं गेली. दुसरं कारण म्हणजे यांच्यात स्टेजवर नाटक करणारा गायक नव्हता. पोस्टरवर लावायला तोंड नाही. अर्गस इंग्लंडमध्ये तिसऱ्या नंबरला गेला, साउंड्स साप्ताहिकात १९७२ चा सर्वोत्तम अल्बम ठरला, आणि कव्हरवर यांचा फोटोसुद्धा नाही. पाठमोरा योद्धा आहे.

जैतापूरच्या पुढे फोनवरच्या नकाशाने आम्हाला एका अशा रस्त्यावर घातलं जो हळूहळू पाखाडी झाला आणि शेवटी खाडीत उतरला. समोर पाणी, पलीकडे दिवे. गाडी रिव्हर्स घेत दोनशे मीटर, बाजूला गडगा, वर पाऊस. एक काका बॅटरी घेऊन आले आणि काही न विचारता मागे उभे राहून "येऊं दे, येऊं दे" करत राहिले. वळवून झाल्यावर म्हणाले, "ह्या महिन्यातली तुमची तिसरी गाडी."

टीप : खाड्यांच्या भागात अंधार पडल्यावर फोनपेक्षा माणसाला विचारा. नकाशाला पूल आणि तर (होडीने पलीकडे जायची जागा) यातला फरक कळत नाही.

बाब्याच्या अंगणात पोचलो तेव्हा साडेआठ. बाब्या पायरीवर, केस सगळे पांढरे, हातात टॉर्च. काकी (बाब्याची आई, ऐंशीच्या पुढे) आतून ओरडली, "इलास काय? वाट चुकलास मां? बाब्यान सांगितल्यान होता, चुकतले म्हणान." बांगड्याची आमटी, तिरफळ घातलेली, उकड्या तांदळाचा भात. कोणी काही बोललं नाही, नुसते भुरके.

दिवस चौथा : विजयदुर्ग आणि ती कॅसेट

सकाळी घावणे आणि नारळाचा रस खाऊन किल्ल्यावर. पाऊस थांबलेला. विजयदुर्ग मी आधी दोनदा बघितलाय पण दर वेळी ती तटबंदी अंगावर येते, एकामागे एक तीन तट. आंग्र्यांचा किल्ला, १७५६ पर्यंत, इंग्रज याला घेरिया म्हणायचे. किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून जागा आहे आणि १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध इथेच लागला असं गावात ठामपणे सांगतात. मास्तरला राहवेना. तो म्हणाला, १८ ऑगस्टच्या त्या ग्रहणात जान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्याचा वर्णपट बघितला, आणि लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, त्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ तपासली, मग हे इथे कुठून आलं? बाब्या म्हणाला, "मास्तर, हे गावात बोलशील तर दुपारचं जेवण माझ्याकडे मिळणार नाही." मास्तर गप्प झाला, पण पुटपुटत होता की श्रेय चुकीच्या माणसाला जाण्याची परंपरा जुनीच आहे. तो हेलियमबद्दल बोलत नव्हता हे आम्हाला कळलं.

बुरुजावर दाढीने अर्गसचं कव्हर केलं. खांद्यावर रेनकोट, भाल्याच्या जागी छत्री, समुद्राकडे तोंड, पाठ आमच्याकडे. शाळेची सहल आलेली होती, पोरांनी त्याच्याबरोबर फोटो काढले.

दुपारी वडे-सागोती. त्यावर काही लिहीत नाही, लिहिता येणार नाही.

चारला एलपी बाहेर काढली. बाब्याने कव्हर हातात घेतलं आणि बराच वेळ बघत बसला. आमच्याकडे १९८५ मध्ये कव्हर नव्हतंच, कॅसेटच्या आत पेनने नाव लिहिलेला कागद, त्यातही स्पेलिंग चुकलेलं. कव्हर उलटून त्याने चष्मा लावला. "ह्या काय?" मागच्या बाजूला, दरीच्या वर आकाशात, एक बारीकशी उडती तबकडी आहे. पुराणातला योद्धा पहाऱ्यावर उभा आणि तो बघतोय काय तर तबकडी. बाब्या इतका हसला की वहिनी बाहेर आल्या.

प्लेअर लावला, चौघं पडवीत. पहिलं गाणं सुरू, आभाळ भरून आलेलं, दुसरं गाणं लागलं न लागलं तोच एक वीज कडाडली आणि लाईट गेली. तबकडी कण्हत कण्हत थांबली. कोकणात परतीच्या पावसात लाईट गेली की ती कधी येणार हे विचारायचं नसतं. तास गेला. दीड तास गेला. वहिनींनी कंदील लावला.

बाब्या उठला, आत गेला, माळ्यावरून एक टेपरेकॉर्डर घेऊन आला, मोठ्या सेलवर चालणारा, आणि ती कॅसेट. पोरगा पाठवून दुकानातून चार मोठे सेल आणवले. कॅसेटच्या बाजूवरचं अक्षर माझं. झाकण बंद केलं, बटण दाबलं, आणि दोन सेकंद नुसती खरखर, आणि त्या खरखरीत होस्टेलच्या खोलीतला कुणाचातरी खोकला. तो आमच्यातला कुणाचा यावर अजून एकमत नाही.

टेप जरा ढिली झालीय, सूर खाली उतरलेत, मधे मधे डुचमळतं. कुणी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर मला हेच अल्बम म्हणून पाठ आहे, सीडी ऐकताना नेहमी वाटतं की हे लोक घाईत आहेत. पाऊस कौलांवर पडतोय, काकी जपमाळ घेऊन बसलेली, आणि एक एक गाणं जातंय. बाब्याची बोटं गुडघ्यावर चालत होती. होस्टेलला तो आणि दाढी मिळून या दोन गिटारी वाजवायचे, एकाच गिटारवर, ती दुसरी परवडली नव्हती, एकजण वाजवायचा आणि दुसरा तोंडाने. बाब्या गेल्यावर दाढीने गिटार विकून टाकली. हे त्याने आम्हाला खूप नंतर सांगितलं होतं, बाब्याला कधीच नाही.

शेवटचं गाणं. कुणीच बोलत नव्हतं. दोन्ही गिटारी सुरू झाल्या, चढायला लागल्या, एक वर, एक तिच्याजवळून, आणि आम्हाला चौघांना माहीत होतं कुठे ते. टक.

पण दाढी थांबला नाही. तो तोंडाने पुढे वाजवायला लागला, सीडीवरचं, जे बाब्याच्या टेपमध्ये नाही ते. डोळे मिटून, दात ओठ खात, हातात नसलेली गिटार. मास्तरने बास धरला, म्हणजे धरला नाही, काकूंनी सांगितलं तसा तोही वाजवत सुटला. मी मांडीवर ताल. दोन फेऱ्या झाल्या असतील, आणि बाब्या, ज्याने हा शेवट आयुष्यात ऐकलेला नव्हता, त्याने हळूच वरची बाजू पकडली. चुकत, अंदाजाने, अर्धा सूर इकडे तिकडे. दाढीने एक डोळा उघडून बघितलं आणि खालच्या बाजूला सरकला, त्याला जागा दिली.

आतून काकीचा आवाज आला, "गो सुनबाय, बघ जरा भायर, चौघांकय एकदम लागीर झाला की काय ता!"

लाईट रात्री अडीचला आली. प्लेअर चालूच राहिला होता, त्यामुळे दुसरं गाणं जिथे थांबलं होतं तिथून अख्ख्या घरात परत सुरू झालं.